चार संघ, सहा आठवडे: अरीना फुटबॉलचा १९८७ सालचा पहिला हंगाम

सह्यकडा

अमेरिकन फुटबॉल म्हटले की शंभर यार्डांचे उघडे मैदान आणि साठ-सत्तर हजारांची गर्दी डोळ्यांपुढे येते. या खेळाचे एक धाकटे भावंडही आहे. ते छपराखाली, आइस हॉकीच्या रिंकवर गवताची कृत्रिम जाजमे अंथरून खेळले जाते. त्याला अरीना फुटबॉल म्हणतात आणि त्याची पहिली व्यावसायिक लीग १९८७च्या उन्हाळ्यात खेळली गेली. गेली वीसएक वर्षे मी या खेळाचा माग काढत आलो आहे. मायमराठीत त्याविषयी काही लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही, म्हणून हा धागा काढतो आहे. सगळा इतिहास सांगण्याचा इरादा नाही, केवळ त्या पहिल्या हंगामाविषयी लिहायचे आहे. त्या सहा आठवड्यांत लीगला आपल्या अंथरुणाचे माप नेमके ठाऊक होते. पुढे ते माप विसरले गेले आणि लीगचे दिवाळे एकदा नव्हे, दोनदा निघाले.

सुरुवात एका लिफाफ्यापासून झाली. ११ फेब्रुवारी १९८१ रोजी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इनडोअर सॉकरचा, म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याच्या छपराखालच्या प्रकाराचा, ऑल-स्टार सामना चालू होता. प्रेक्षकांत जिम फॉस्टर नावाचे गृहस्थ बसले होते. ते त्या वेळी एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या लीगच्या, प्रसिद्धी आणि विक्रीच्या कामात होते. सॉकर जर रिंकवर मावतो तर आपला फुटबॉल का मावू नये, असा प्रश्न त्यांना पडला आणि हातातल्या तपकिरी लिफाफ्यावर त्यांनी मैदानाची आकृती काढायला घेतली. एवढ्या आखूड मैदानात लांब लाथ मारलेला चेंडू थेट प्रेक्षकांत जाणार, ही अडचण त्यांना तिथेच दिसली असावी. तिचे उत्तर म्हणजे गोलपोस्टच्या दोन्ही बाजूंना ताणून बांधलेली उंच जाळी. जाळीवर आपटून परत येणारा चेंडू मेलेला नाही, तो जिवंत आहे, असा नियम त्यांनी केला आणि तिथे हा खेळ मूळ फुटबॉलपासून वेगळा झाला.

लिफाफा मात्र पाच वर्षे तसाच राहिला. मध्यंतरी यूएसएफएल नावाची नवी लीग निघाली आणि फॉस्टर तिच्यात गेले. आधी ॲरिझोना रँग्लर्स आणि मग शिकागो ब्लिट्झ या संघांच्या व्यवस्थापनात त्यांनी काम केले. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. यूएसएफएल १९८३मध्ये १२ संघांनिशी उतरली आणि दुसऱ्याच वर्षी तिचे १८ संघ झाले. १९८५नंतर तिचा एकही हंगाम झाला नाही. एनएफएलवर तिने मक्तेदारीचा खटला भरला, जुलै १९८६मध्ये ती तो जिंकलीही, पण ज्यूरीने नुकसानभरपाई ठरवली एक डॉलर आणि कायद्याप्रमाणे तिप्पट होऊन ती झाली तीन डॉलर. घाईघाईने संघ वाढवत नेले की काय होते, हे फॉस्टर यांनी आतून पाहिले होते. पुढे त्यांनी चारच संघांवर लीग उभी केली, त्यामागे हा अनुभव असणार, असे मला वाटते.

२६ एप्रिल १९८६ रोजी इलिनॉयमधल्या रॉकफर्ड येथे चाचणीचा सामना झाला. फेब्रुवारी १९८७मध्ये शिकागोजवळच्या रोझमाँट होरायझनमध्ये आणखी एक प्रदर्शनीय सामना झाला. आणि १९ जून १९८७ रोजी पिट्सबर्गच्या सिव्हिक अरीनात १२,११७ प्रेक्षकांसमोर पिट्सबर्ग ग्लॅडिएटर्सनी वॉशिंग्टन कमांडोजना ४८–४६ असे हरवले. लीगचा पहिला सामना आणि फरक केवळ दोन गुणांचा! उरलेले दोन संघ म्हणजे शिकागो ब्रूझर्स आणि डेन्व्हर डायनामाइट. चारही संघांची मालकी लीगकडेच होती. प्रत्येकाच्या वाट्याला सहा सामने, म्हणजे साखळीत एकूण बारा, आणि १ ऑगस्टला अंतिम सामना. एवढाच हंगाम.

नियम थोडक्यात सांगतो. प्रत्येक बाजूला अकराऐवजी आठ खेळाडू असत. मैदान ५० यार्ड लांब आणि ८५ फूट रुंद, दोन्ही टोकांना आठ-आठ यार्डांचे एंड झोन, म्हणजे चेंडू नेऊन गुण मिळवायचे पट्टे. बाजूच्या रेषेऐवजी फोम लावलेली कठड्याची भिंत. पंट करायला बंदी, म्हणजे चौथ्या डावात, दहा यार्ड पुढे जाण्याच्या चौथ्या आणि शेवटच्या प्रयत्नात, चेंडू लांब मारून संकट दुसऱ्याच्या अंगणात ढकलता येत नाही. दहा यार्ड पुरे करा, टचडाउन करा, म्हणजे चेंडू एंड झोनमध्ये न्या, किंवा फील्ड गोल मारा, म्हणजे लाथेने चेंडू गोलपोस्टच्या खांबांमधून घाला. शिवाय क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा), किकर (लाथ मारणारा) आणि मोजके खास खेळाडू सोडले, तर प्रत्येकाने आक्रमणही करायचे आणि बचावही. याला आयर्नमॅन नियम म्हणत. पोलादी माणसाचा नियम असेच म्हणा.

अंतिम सामना पुन्हा पिट्सबर्गलाच झाला. घरचे मैदान, घरचे प्रेक्षक, आणि तरीही प्रशिक्षक टिम मार्कम यांच्या डेन्व्हर संघाने ग्लॅडिएटर्सना ४५–१६ असे धुऊन काढले. सामन्याचा मानकरी ठरला डेन्व्हरचा गॅरी मलन, आणि हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला पिट्सबर्गचा रसेल हेअरस्टन, जो रिसीव्हर म्हणून झेल घेत असे आणि चेंडू दुसऱ्याकडे गेला की लाइनबॅकर म्हणून उभा राहत असे.

जाणकारांनी भर घालावी.

मैदानवेडी

लेख आवडला. मला एनएफएल थोडेफार समजते, पण जाळीचा प्रकार डोळ्यांपुढे येत नाही. लाथ मारलेला चेंडू जाळीवर आदळून परत आला, तर तो उचलायचा कोणी? आणि एकाच खेळाडूने दोन्ही कामे करायची, हा नियम पैसे वाचवण्यासाठी होता की खेळासाठी?

सह्यकडा

मैदानवेडी, चेंडू जो पकडेल त्याचा! २०११ साली मी टॅम्पाला नातेवाइकांकडे गेलो असता टॅम्पा बे स्टॉर्मचा सामना एंड झोनमागच्या तिसऱ्या रांगेत बसून पाहिला, तेव्हा मला हा नियम खऱ्या अर्थाने उमगला. जाळी गोलपोस्टच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी ३० फूट रुंद आणि ३२ फूट उंच असते, आणि तिची खालची कड जमिनीपासून आठ फुटांवर असते. किकरने चेंडू मारला, तो डाव्या जाळीत वरच्या अंगाला बसला. जाळी ताणलेली असली तरी मऊ असते, त्यामुळे चेंडू भिंतीवर आपटल्यासारखा उसळत नाही. जाळी आधी त्याला पोटात घेते, क्षणभर तो तिथेच थांबल्यासारखा दिसतो आणि मग तिरपा खाली घसरतो. त्या क्षणभरात खाली उभ्या दोन खेळाडूंनी माना वर करून अंदाज बांधला. एकाने तो उजवीकडे बांधला, चेंडू डावीकडे पडला. दुसऱ्याने तो छातीशी धरला आणि पुढच्या पावलाला तो कठड्यावर जाऊन आदळला. फोमच्या त्या भिंतीचा 'धप्' असा आवाज माझ्या खुर्चीखाली जाणवला. दूरदर्शनवर यातले काहीच पोहोचत नाही.

दुसऱ्या प्रश्नाविषयी. पैसे तर वाचतच होते, कारण संघ लहान ठेवता येत होता. पण खेळ म्हणूनही त्याचा परिणाम मोठा होता. मोठ्या फुटबॉलमध्ये ज्याचे वजन दीडशे किलो आहे त्याला तेवढ्याच वजनाचे एक काम असते. येथे जड माणसालाही पळावे लागे आणि चपळ माणसालाही धडक सोसावी लागे. त्यामुळे बहुतेक खेळाडू मधल्या अंगाचे असत. चेंडू हातातून गेला की तेच चेहरे समोर बचावाला उभे राहत, आणि प्रेक्षक एकेका खेळाडूला ओळखू लागत. आपल्याकडे कबड्डीत चढाई करणाऱ्यालाच पुढच्या मिनिटाला पकड करावी लागते, तोच हा न्याय.

गणिती

मोजमापांवरून एक हिशेब मांडतो. मैदान ५० यार्ड आणि दोन एंड झोन मिळून १६ यार्ड, म्हणजे ६६ यार्ड, म्हणजे १९८ फूट. रुंदी ८५ फूट. अमेरिकेतल्या व्यावसायिक हॉकी रिंकचे माप असते २०० फूट बाय ८५ फूट. म्हणजे फॉस्टर यांनी मैदान आखले नाही, रिंकच जशीच्या तशी उचलली आणि तिच्यात फुटबॉल बसवला, असे म्हणावे लागेल.

आता गर्दी पाहा. एंड झोन सोडून मोठे मैदान ३०० बाय १६० फूट, म्हणजे ४८,००० चौरस फूट, आणि त्यावर २२ खेळाडू. दरडोई सुमारे २,१८० चौरस फूट. छोटे मैदान १५० बाय ८५ फूट, म्हणजे १२,७५० चौरस फूट, आणि त्यावर १६ खेळाडू. दरडोई सुमारे ८००. जागा जवळजवळ एक तृतीयांशावर आली. खेळाडू अकराचे आठ केले तरी कोंडी राहतेच, म्हणून धावून यार्ड मिळवणे अवघड आणि फेकून मिळवणे सोपे झाले. त्यातच एका रिसीव्हरला चेंडू सुटण्याआधी पुढे धावत येण्याची मुभा दिली. बचावपटू उभा असतो आणि हा भरधाव त्याच्या अंगावर येतो. ४८–४६ सारखे गुणफलक योगायोगाने लागत नाहीत.

गोलपोस्टचीही तीच गोष्ट. मोठ्या फुटबॉलमध्ये खांबांतले अंतर साडेअठरा फूट आणि आडवा दांडा दहा फुटांवर. येथे अंतर फक्त नऊ फूट आणि दांडा पंधरा फुटांवर. म्हणजे मैदान आखूड आहे म्हणून फील्ड गोल सोपा, असे मुळीच नाही. आणि चेंडू हातातून सोडून जमिनीला टेकताक्षणी लाथाडला, म्हणजे ड्रॉप किकने गोल केला, तर तीनऐवजी चार गुण.

पिट्सकर

हा धागा पाहून मला राहवले नाही. मी १९८६च्या ऑगस्टमध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी पिट्सबर्गला आलो आणि येथलाच झालो. १९ जूनच्या त्या रात्री मी सिव्हिक अरीनात होतो. माझ्या प्रयोगशाळेतला एक सहकारी फुटबॉलचा भक्त होता. उन्हाळ्यात त्याला फुटबॉलविना चैन पडेना, म्हणून तो मला ओढून घेऊन गेला. मला तोवर चार डाव म्हणजे काय हेही धड ठाऊक नव्हते.

सिव्हिक अरीना ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ते १९६१ साली उघडले. पोलादाचा एक भलामोठा घुमट, आणि त्याचे छप्पर पाकळ्यांसारखे सरकवून उघडता येत असे. मुळात ते संगीतनाटकांसाठी बांधले होते, पुढे पेंग्विन्स या हॉकी संघाचे घर झाले आणि गावाने त्याचे नाव 'इग्लू' ठेवले. आम्ही वरच्या बाजूला बसलो होतो. खाली हिरव्या जाजमाचे पट्टे जोडलेले होते आणि वरून त्यांचे सांधे स्पष्ट दिसत होते. जूनचा महिना, बाहेर घाम येत होता, आणि आत थंडावा. पहिली दहा मिनिटे आजूबाजूचे लोक एकमेकांना नियम समजावून सांगत होते, कारण ते कोणालाच पुरते माहीत नव्हते. मला फार बरे वाटले, कारण त्या देशात आल्यापासून प्रथमच मी आणि बाकीचे बारा हजार लोक सारखेच अडाणी होतो.

पिट्सबर्गचा क्वार्टरबॅक होता माइक होहेन्सी. हाच माणूस पुढे प्रशिक्षक झाला आणि २००६ साली त्याच्या शिकागो रश संघाने अजिंक्यपद मिळवले. तेव्हा मात्र आम्हाला तो केवळ आपला माणूस होता. सामना संपेपर्यंत माझा घसा बसला होता. पुढे अंतिम सामन्यालाही मी गेलो. त्या रात्री डेन्व्हरचा क्वार्टरबॅक व्हिट टेलर याने आमच्या बचावाची जी दैना केली ती आठवून आजही वाईट वाटते.

तळटीप

धागा माहितीपूर्ण आहे यात शंका नाही. परंतु सह्यकडा यांनी जो निष्कर्ष सुचवला आहे त्याला माझा विरोध आहे आणि तो मी सविस्तर मांडतो.

चार संघ, चारही एकाच मालकाचे, सहा आठवड्यांचा हंगाम. याला लीग म्हणण्यापेक्षा मोठी प्रात्यक्षिक मालिका म्हणणे अधिक योग्य ठरेल. ती टिकली म्हणून कौतुक करायचे, तर मुळात टिकली कुठे? डेन्व्हर अजिंक्य ठरले आणि १९८८मध्ये उतरलेच नाही. वॉशिंग्टनही उतरले नाही. १९८८मध्ये सहा संघ होते, १९८९मध्ये पाच, आणि त्या वर्षी प्रत्येकाच्या वाट्याला फक्त चार सामने आले. लहान राहणे हा जर रामबाण उपाय असता, तर १९८९ हे सुवर्णवर्ष ठरले असते. लीगला खरे बळ आले ते डेट्रॉइटचे माइक इलिच यांच्यासारखे धनवान मालक आल्यावर. त्यांच्या डेट्रॉइट ड्राइव्हने १९८८, १९८९ आणि १९९० अशी सलग तीन अजिंक्यपदे जिंकली, आणि लोकांना प्रथमच 'यांना कोण हरवणार' असा प्रश्न पडला.

दुसरे असे की, वाढ झाली नसती तर कर्ट वॉर्नर हा क्वार्टरबॅक घडला नसता. १९९४मध्ये एनएफएलच्या ग्रीन बे पॅकर्सनी त्याला सराव शिबिरातून घरी पाठवले. त्यानंतर आयोवातल्या सीडर फॉल्सच्या एका किराणा दुकानात ताशी साडेपाच डॉलरवर तो रात्रपाळीला मांडणीवर माल लावत होता. १९९५मध्ये आयोवा बार्नस्टॉर्मर्स हा नवा संघ निघाला आणि त्याला जागा मिळाली. तीन हंगाम तो तेथे खेळला, १९९६ आणि १९९७ असे दोनदा अंतिम सामन्यात पोहोचून हरला. आणि ३० जानेवारी २००० रोजी सेंट लुईस रॅम्सच्या वतीने सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, ४१४ यार्डांचे पास फेकून सामन्याचा मानकरी झाला. आयोवासारख्या लहान राज्यात संघ काढायला वाढीचाच आधार लागला ना?

सह्यकडा

तळटीप, आपला मुद्दा रास्त आहे आणि १९८९चे उदाहरण मी नाकारत नाही. 'लहान तेच चांगले' असे मला म्हणायचे नव्हते, माझ्या शब्दांतून तसे निघाले असेल तर ती चूक माझी. मला म्हणायचे होते ते असे. १९८७मध्ये जागा, खेळाडूंची संख्या, संघांची संख्या, हंगामाची लांबी, हे सारे एकमेकांना बेतून शिवलेले होते. पोत्यात मावेल तेवढेच धान्य भरले होते.

आयोवाचे उदाहरण तर मला माझ्याच बाजूचे वाटते. बार्नस्टॉर्मर्स हा संघ उभा केला तो स्वतः फॉस्टर यांनी, आपल्याच राज्यात, डे मॉइनच्या जुन्या व्हेटरन्स मेमोरियल ऑडिटोरियममध्ये, ज्याला लोक 'बार्न', म्हणजे धान्याचे कोठार, म्हणत. ज्या गावात मोठ्या लीगचा एकही संघ नाही, जेथे सभागृह तयार आहे आणि उन्हाळ्यात रिकामे पडलेले आहे, तेथे हा खेळ फोफावला. वॉर्नर स्वतः तेथूनच घडला. आठ खेळाडूंच्या कोंडीत, बचावपटू अंगावर येण्याच्या आत चेंडू सोडायची सवय त्याच्या हाताला लागली आणि १९९९मध्ये त्याच सवयीने ४१ टचडाउन पास फेकले गेले.

बिघाड झाला तो पुढे. २००३मध्ये एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर सामने दिसू लागले, एनएफएलचा गाजलेला क्वार्टरबॅक जॉन एलवे आणि रॉक गायक जॉन बॉन जोव्ही यांच्यासारखी माणसे मालक झाली, मोठ्या शहरांत संघ निघाले. २००७मध्ये आयर्नमॅन नियम काढून टाकला. मला विचाराल तर खेळाचा कणा त्या दिवशी मोडला. दोन स्वतंत्र तुकड्या आल्या, खेळाडू वाढले, खर्च वाढला, आणि जो चेहरा मघाशी झेल घेताना दिसला तोच आता बचावात दिसेनासा झाला. २००८मध्ये १७ संघ खेळले, फिलाडेल्फियाने सॅन होजेला ५९–५६ असे हरवून अजिंक्यपद घेतले आणि डिसेंबरमध्ये पुढचा हंगाम रद्द झाल्याची घोषणा झाली.

मैदानवेडी

मग इतर कोणी जाळीसह हा खेळ का सुरू केला नाही? अशी इनडोअर फुटबॉलची दुसरी लीगही आहे ना?

गणिती

आहे, आणि तिच्यात जाळी नाही. याचे कारण एकस्व. फॉस्टर यांनी खेळाच्या या रचनेचे, जाळीसह, पेटंट घेतले. ते १९९०मध्ये मंजूर झाले आणि २००७मध्ये त्याची मुदत संपली. त्यामुळे मधल्या काळात ज्यांनी ज्यांनी छपराखाली फुटबॉल आणला, त्यांना जाळीशिवाय आणावा लागला. एखाद्या खेळाच्या नियमांचे पेटंट असणे ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. कबड्डीत दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई 'करो या मरो' ठरवणाऱ्याला तसे पेटंट घेता आले असते, तर काय झाले असते याचा विचार करून पाहा. पंटबंदी आणि ती चढाई या एकाच जातीच्या कल्पना आहेत. दोन्हींत वेळ काढून सुटका नाही.

औंधकर

विषयाला धरूनच एक दुवा सांगतो. पुण्यातल्या वाचकांना कदाचित आठवत असेल, २०१२मध्ये इलीट फुटबॉल लीग ऑफ इंडिया नावाची लीग निघाली होती आणि पहिल्या हंगामाचे विजेते ठरले होते पुणे मराठाज. तिच्या अमेरिकन पाठीराख्यांमध्ये कर्ट वॉर्नरचे नाव होते. खेळ मात्र उघड्या मैदानावरचा होता. त्या काळी मला सतत वाटे की, बालेवाडीच्या बॅडमिंटन सभागृहासारख्या ठिकाणी आठ-आठ जणांचा खेळ बसवला असता, तर आपल्या प्रेक्षकाला तो जवळून दिसला असता आणि समजला असता. कबड्डी मातीतून मॅटवर आणि मैदानातून सभागृहात आल्यावर काय झाले, हे आपण २०१४ पासून पाहतोच आहोत.

तळटीप

सह्यकडा, आयर्नमॅन नियमाविषयी मी आपल्याशी सहमत आहे, तो जायला नको होता. मात्र त्यातली एक बाजू कोणी मांडली नाही. तेच खेळाडू दोन्ही बाजूंनी खेळत, कठड्यावर आदळत, आणि त्यांच्या अंगाखालचे जाजम बर्फाच्या किंवा काँक्रीटच्या तळावर अंथरलेले असे. ज्यांनी तो नियम बदलला त्यांना खेळाडूंच्या शरीराची काही चिंता असेल, तर तीही नोंदवली पाहिजे.

२०२४चे उदाहरण मात्र आपल्या बाजूने मीच देतो. २०१९मध्ये दुसरे दिवाळे निघाल्यावर नाव विकत घेऊन लीग पुन्हा उभी करण्यात आली. १६ संघ जाहीर झाले, एप्रिलच्या अखेरीस सामने सुरू झाले आणि काही आठवड्यांतच संघ गळू लागले. मे महिन्यात प्रमुखपदी जेफ फिशर यांना आणावे लागले. हे तेच फिशर, ज्यांच्या टेनेसी टायटन्सना २०००च्या सुपर बोलमध्ये वॉर्नरने हरवले होते. त्यांनी उरलेल्या संघांची मोट बांधून हंगाम शेवटास नेला, अंतिम सामन्यात बिलिंग्ज आउटलॉजनी ऑल्बनी फायरबर्ड्सना ४६–४१ असे हरवले. सोळा संघांची घोषणा करण्यापूर्वी कोणी १९८७चा हंगाम वाचला असता, तर अनेक खेळाडूंचे पगार आणि अनेक गावांचा उत्साह वाया गेला नसता.

सह्यकडा

तळटीप, खेळाडूंच्या शरीराविषयीचा मुद्दा मी लेखात घ्यायला हवा होता. आपण तो मांडलात याबद्दल आभार.

आपल्या मांडणीत एक भर घालतो. २०१८मध्ये लीगमध्ये पुन्हा चारच संघ उरले होते: ऑल्बनी, बॉल्टिमोर, फिलाडेल्फिया आणि वॉशिंग्टन. तेव्हा ते चार नाइलाजाने होते. बारापैकी फक्त दोन सामने जिंकलेला वॉशिंग्टन व्हॅलर संघ अजिंक्य ठरला, कारण चारांतले चारही संघ बाद फेरीत गेले होते. १९८७च्या चार संघांत आणि या चारांत हाच फरक मला दिसतो. पहिल्या वेळी साखळीतल्या प्रत्येक सामन्याला वजन होते, कारण अंतिम सामन्यात जागा दोघांनाच होती.

मैदानवेडी

पहिल्या चार संघांपैकी सर्वांत जास्त कोण टिकले?

पिट्सकर

याचे उत्तर मीच द्यायला हवे. आमचे ग्लॅडिएटर्स टिकले, पण येथे नव्हे. १९९१मध्ये संघ फ्लोरिडाला गेला आणि टॅम्पा बे स्टॉर्म झाला. सह्यकडा यांनी जो सामना पाहिला तो याच संघाचा. गेल्या त्याच वर्षी त्यांनी अजिंक्यपद जिंकले, तेही सलग तीनदा जिंकलेल्या डेट्रॉइटला ४८–४२ असे हरवून. पुढे आणखी चार अजिंक्यपदे मिळवली. त्यांतली तीन टिम मार्कम यांच्या हाताखाली, म्हणजे १९८७मध्ये आम्हाला आमच्याच घरात हरवणाऱ्या माणसाच्या हाताखाली. डिसेंबर २०१७मध्ये स्टॉर्मने खेळ थांबवला.

पिट्सबर्गमध्ये २०११मध्ये पॉवर नावाचा नवा संघ आला. तो रस्त्यापलीकडच्या नव्या सभागृहात खेळत असे. मी मुलीला घेऊन दोन-तीन सामन्यांना गेलो. त्याच सुमारास इग्लूचे पाडकाम चालू होते. घुमटाच्या पोलादी पाकळ्या एकेक करून उतरवत होते आणि उघड्या पडलेल्या सांगाड्यातून आतल्या खुर्च्यांच्या रांगा दिसत होत्या. मुलीला मी कुंपणाबाहेरून आमची जागा दाखवायचा प्रयत्न केला, वरून तिसरा टप्पा, डावीकडे. तिने विचारले की जाळी कुठे बांधली होती, आणि मी दोन्ही टोके बोटाने दाखवली.